साहेब, लूप मॅन्युअलवर टाका

एम.टेक.च्या वेळापत्रकात ‘प्रोसेस डिझाइन’ आणि ‘प्रोसेस कंट्रोल’ हे विषय वेगवेगळ्या वारांना असत. प्रस्तुत लेखकाने ते डोक्यातही तसेच वेगवेगळे ठेवले. त्याची किंमत प्रबंधाच्या वेळी मोजावी लागली.

प्रक्रिया साधीच होती. रिॲक्टर, पुढे डिस्टिलेशन कॉलम आणि न वापरला गेलेला कच्चा माल परत रिॲक्टरकडे नेणारी रिसायकलची लाइन. रिॲक्टर लहान ठेवला की भांडवल वाचतं, म्हणून तो लहान धरला. स्थिर अवस्थेचा ताळेबंद चोख जुळला. मग डायनॅमिक सिम्युलेशनमध्ये फीड जरासं वाढवलं आणि रिसायकलचा प्रवाह फुगतच गेला. ट्यूनिंग बदललं, कंट्रोलर बदलला, शेवटी मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलही आणून बसवलं. दोन महिने वाया! या दुखण्याला ‘स्नोबॉल इफेक्ट’ म्हणतात आणि लीहाय विद्यापीठाच्या विल्यम लायबेन यांनी १९९०च्या दशकातच ते मांडून ठेवलं होतं. रिसायकलच्या फेऱ्यात कुठेतरी एक प्रवाह बांधून टाका, हा त्यांचा उपाय. पण मग चढउतार रिॲक्टरच्या पातळीवर येतात, आणि लहान रिॲक्टरमध्ये त्यांना जागाच नसते. म्हणजे चूक कंट्रोलरची नव्हतीच. ती सहा महिन्यांपूर्वी, आकार ठरवतानाच झाली होती.

नव्याने या वाटेला लागणाऱ्याने पहिल्याच सत्रात ‘टेनेसी ईस्टमन’ची कसोटी हाताळावी. डाउन्स आणि व्होगेल यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रश्नात ४१ मोजमापं आहेत आणि हाताशी फक्त १२ चलं. कंट्रोलर न लावता सोडली तर ही प्रक्रिया रिॲक्टरचा दाब वाढून लवकरच बंद पडते. ती सावरताना जे कळतं, ते सुट्या गणितांतून कळत नाही.

पदवीनंतरची फजिती निराळी. एका कारखान्यात फ्लोचा लूप सारखा हेलकावत होता. झीगलर-निकोल्स यांची १९४२ची सूत्रं पाठ असल्याने लेखक गेन कमी-जास्त करत बसला. पॅनेलवरचा जुना ऑपरेटर चहा संपवून म्हणाला, “साहेब, लूप मॅन्युअलवर टाका आणि व्हॉल्व्हला एकेक टक्का द्या.” पहिला टक्का दिला, दुसरा दिला, प्रवाह ढिम्म. पुढच्या टक्क्याला एकदम उडी! व्हॉल्व्ह चिकटत होता. अशा व्हॉल्व्हपुढे ट्यूनिंग काय करणार? त्याची ग्लँड पॅकिंग तपासावी लागते, आणि ती तपासायला जिना चढून जावं लागतं. (तो जिना कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो.)

मोजमापावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, हे टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ला दिसलं. सुमारे १७० फूट उंच टॉवर, पण पातळीमापक तळाच्या ९ फुटांपुरताच. टॉवर भरत चालला असताना तो पातळी उतरत असल्याचं दाखवत होता. स्फोटात १५ जण गेले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचा त्यावरचा अहवाल कुठल्याही पाठ्यपुस्तकाइतकाच मन लावून वाचावा. तो वाचल्यापासून पी अँड आयडी समोर आली की प्रस्तुत लेखक आधी लेव्हल ट्रान्समीटरची टॅपिंग कुठल्या उंचीवर आहेत ते बघतो, कंट्रोलरकडे नंतर.