पोतं उचलायला कुणी शिकवलं?

जाधववाडीच्या मोंढ्यात ट्रक लागला की नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच सूचना मिळते, "चल, घे पाठीवर." वाळूज-चिकलठाण्याची गोदामं घ्या नाहीतर बांधकामाची साइट, तऱ्हा तीच. गवंडीकाम, वेल्डिंग हाताखाली राहून शिकवतात. ओझं उचलणं मात्र अंगात जोर असला की आपोआप येतं, असं सगळेच धरून चालतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझं वाहण्याबाबत १२७ क्रमांकाचा करार केला आणि भारताने तो २०१० मध्ये मान्य केला. जड ओझं वाहायला लावण्याआधी कामगाराला त्याची रीत शिकवली पाहिजे, असं त्यात आहे. तेव्हा शिकवा म्हणणं म्हणजे मालकाकडे उपकार मागणं नव्हे.

आता रीत. हापशाचा दांडा लांब असला की थोड्या जोरात पाणी येतं. कमरेतून वाकून हात लांब करून पोतं उचललं की हेच उलटं होतं. ओझं दांड्याच्या लांब टोकाला जातं आणि कमरेला त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. तो सगळा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. म्हणून पोतं आधी कडेने हलवून वजनाचा अंदाज घ्या. एक पाय किंचित पुढे ठेवा, गुडघ्यात बसा, पोतं पोटाशी घ्या आणि पायांच्या जोरावर उठा. थप्पीकडे वळताना कंबर पिळू नका, पावलं वळवा. वाकून पिळणं हे सगळ्यात वाईट. दोघांनी उचलायचं तर एकानेच "एक, दोन, तीन" म्हणायचं.

कमरेला पट्टा बांधला म्हणजे जास्त वजन झेपतं, हा समज काढून टाका. पट्ट्याने हिंमत वाढते, गादी मजबूत होत नाही.

पण नुसती रीत शिकवून पाठदुखी फारशी कमी होत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. वजनही कमी व्हावं लागतं. पूर्वी क्विंटलचं पोतं एकट्याच्या पाठीवर जायचं. ते ५० किलोवर यावं म्हणून हमालांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकट्या पुरुषाला ५५ किलो आणि स्त्रीला ३० किलो ही मर्यादा आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, म्हणजे ती एकट्या बाईच्या डोक्यावर देणं नियमाबाहेर. आणि नियमात बसलं म्हणून पाठीला सोसलं असं नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोचाच आकडा धरला. घरातला भरलेला गॅस सिलिंडरच ३० किलोच्या आसपास भरतो. तोही दोघांनी धरावा.

म्हणून शिकवणी मुकादमालाही हवी. ट्रक किती वेळात रिकामा करायचा, किती माणसं लावायची, हातगाडी द्यायची की नाही, हे तोच ठरवतो. काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं खरं पोतं समोर ठेवून करून दाखवावं. नव्या पोराला आधी अर्धं भरलेलं द्यावं. भाषणाचा उपयोग नाही.

एवढं करूनही उसण भरली, तर पायाळू माणसाची लाथ खायला जाऊ नका. सरकलेल्या गादीवर लाथ म्हणजे दुखण्यात भर. एक-दोन दिवस ओझं बंद ठेवा, शेक द्या, पण अंथरूण धरू नका. हळूहळू चालत राहा. कळ पायात उतरून पंधरा दिवसांत कमी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा. पाय लुळा पडू लागला, दोन्ही मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री घाटी गाठा. अशा वेळी उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.