कुत्र्याला आलेली पहिली फिट
आमच्या नऊ वर्षांच्या बॉक्सरला, मोतीला, पहिली फिट आली तेव्हा आम्ही म्हटले, वयोमानाने असेल. पण पाच-सहा वर्षांनंतर प्रथमच फिट आली, तर मेंदूतल्या गाठीची शंका घ्यावी; बॉक्सर जातीत तर अधिकच. एकाच दिशेने गोल फिरणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे हीही लक्षणे. रक्ततपासणीत गाठ दिसत नाही. भूल देऊन एम.आर.आय. करावा लागतो. स्टेरॉइडने मेंदूची सूज उतरली, मोती पुन्हा शेपटी हलवू लागला. गाठ मात्र तिथेच होती. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, तर तातडीने दवाखान्यात न्या. तोंडात हात घालू नका. आणि विमा? इथे अमेरिकेत आधीपासूनचा आजार त्यात सहसा बसत नाही. आम्ही चौकशी केली ती फिटनंतर.