दोघींचीही नस दबली, मग कोड दोन कसे?

प्रश्न : माझ्या आईचं पाठीचं ऑपरेशन झालं. तिच्या डिस्चार्ज कार्डावर निदानापुढे ‘एम ५१.१’ असं लिहिलंय. शेजारच्या काकूंनाही डॉक्टरांनी ‘नस दबली आहे’ असंच सांगितलं होतं, पण त्यांच्या कार्डावर ‘एम ४८.०’ आहे. पाय दोघींचाही दुखत होता. मग आकडे वेगळे कसे? आणि ते ठरवतं कोण?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नस दबली हे दोघींच्या बाबतीत खरं. ती कशानं दबली, हे तो आकडा सांगतो.

तुमच्या आईच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली आणि तिचा फुगवटा बाहेर पडणाऱ्या नसेच्या मुळावर टेकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, त्याला एम ५१.१. काकूंचं प्रकरण वेगळं. वय वाढतं तशी कण्यातली नळी हाडांच्या आणि जाड झालेल्या बंधांच्या दाटीनं अरुंद होते. तो एम ४८.०. त्रासाची तऱ्हाही सारखी नसते. गादीवाल्या पेशंटला बसवत नाही, शिंक आली की पोटरीपर्यंत कळ जाते, उताणं झोपवून सरळ पाय उचलला की ओरडतो. नळी अरुंद झालेल्या माणसाला बसलं की बरं वाटतं. चालायला लागलं की थोड्या अंतरावर पाय जड होतात, मग तो कट्टा शोधतो. पुढे वाकलं की नळीत थोडी जागा होते, म्हणून असे काही आजोबा चालत देवळापर्यंत जाऊ शकत नाहीत, पण सायकलवर आरामात जातात. काकूंना विचारून बघा, बाजारात त्या कुठे कुठे टेकायच्या ते त्यांना पाठ असेल.

या वर्गीकरणाची सुरुवात मृत्यूच्या कारणांपासून झाली. जॅक बर्तिलों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं १८९३ मध्ये ती यादी मांडली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात जगणाऱ्यांचे आजारही आले.

आता ठरवतं कोण? निदान डॉक्टर लिहितात. त्याचा आकडा करतो तो कोडर किंवा रेकॉर्ड विभागातला माणूस. छोट्या दवाखान्यात विम्याचं टेबल सांभाळणाराच ते करतो. त्यानं तुमच्या आईला पाहिलेलं नसतं. त्याच्यापुढे फक्त कागद असतो, आणि कागदावर जे नाही ते गृहीत धरायची त्याला मुभा नाही. एमआरआयमध्ये नस दबलेली दिसते, पण डॉक्टरांनी नुसतं ‘कंबरदुखी’ लिहिलं, तर कोड कंबरदुखीचाच लागतो, एम ५४.५. मग विमा कंपनी विचारते, कंबरदुखीसाठी ऑपरेशन कशाला? आणि आपण कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. माझ्या मते अशा वेळी निम्मा दोष तरी त्या घाईत लिहिलेल्या एका शब्दाचा असतो. ‘मणक्यात गॅप’ हा आपला लाडका शब्द तर कुठल्याच वर्गीकरणात नाही.

आणखी एक नियम. कारण सापडलं की लक्षणाचा कोड मागे पडतो. सायटिकाला एम ५४.३ हा स्वतंत्र कोड आहे, पण सायटिका गादीमुळे आहे हे कळल्यावर तो लावायचा नाही, एम ५१.१ लावायचा.

अमेरिकेत हे सगळं फारच बारीक होतं. पुण्यात, नवी मुंबईत अनेक तरुण मंडळी अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचून कोड लावतात. त्यांना विचारलंत तर सांगतील : गादी चौथ्या-पाचव्या कमरेच्या मणक्यांमधली असेल तर एम ५१.१६, त्याखालची, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला लागलेली असेल तर एम ५१.१७. नळी अरुंद असेल तर चालताना पाय भरून येतात की नाही, यावरही २०१७ पासून दोन निराळे कोड आहेत. आणि बाह्यरुग्णाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘बहुधा गादी सरकली असावी’ असं लिहिलं, तर तो ‘बहुधा’ कोडमध्ये चालत नाही. खात्रीनं लिहिलेलं लक्षण तेवढं घ्यायचं.

आपल्याकडे विम्याच्या क्लेम फॉर्मचा ‘पार्ट बी’ हॉस्पिटल भरतं, त्यात आयसीडी-१० चे रकाने आहेत. तिथे आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो ‘कधीपासून’ हा शब्द. अनेक पॉलिसींमध्ये गादीच्या आजारासाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, अपघातानं झालेला सोडून. डॉक्टर विचारतात, आपण सवयीनं म्हणतो, “अहो, पाठ काय, वर्षानुवर्षं दुखतेय!” ते तसंच लिहिलं जातं. खोटं सांगू नका. पण धुणं धुऊन अवघडलेली पाठ आणि तीन महिन्यांपूर्वी पायात उतरलेली कळ या दोन गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या सांगा.

कोड-बिड बाजूला ठेवून तातडीनं हॉस्पिटल गाठायची एकच वेळ : लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दबल्याची ती खूण असू शकते. त्याचा कोड जी ८३.४. तो नंतर कुणीही लिहील.

आईचं कार्ड मात्र आजच पुन्हा काढा. डावा पाय की उजवा, कितवा मणका, अंगठा वर उचलण्याची ताकद किती होती, त्रास कधीपासून, हे चारही त्यात हवं. डाव्याच्या जागी उजवा पडला असेल तर फाईल विमा कंपनीकडे जाण्याआधी डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी दुरुस्त करून घ्या. स्वतः पेन लावू नका.