घरापुढचा ओटा : फरशी कोणती घालावी?

घरापुढचा ओटा म्हणजे साऱ्या घरादाराची बैठक. पाहुणा आला की आधी ओट्यावर टेकतो. म्हातारी माणसे दिवसभर तिथेच बसतात. धान्य निवडायचे ते ओट्यावर, पोरांनी खेळायचे तेही ओट्यावर. पण ओट्याला ऊन लागते, पावसाची झड लागते, चिखलाचे पाय लागतात. म्हणून ओट्याच्या फरशीचा विचार घरातल्या फरशीहून निराळा करावा लागतो.

दुकानात गेले की चकचकीत लादी डोळ्यांत भरते. जरा थांबा. त्या लादीवर तांब्याभर पाणी ओता आणि अनवाणी पाय फिरवून पाहा. पाय सटकला, तर ती लादी ओट्याला घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त मिळो. तरणा माणूस घसरला तर कपडे झटकून उठतो. म्हातारे माणूस घसरले आणि खुब्याचे हाड मोडले, तर ते अंथरूण धरते. फरशीत वाचवलेला पैसा मग दवाखान्यात जातो.

आता एकेक फरशी पाहू.

शहाबादी फरशी : कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद नावाचे गाव आहे. त्यावरून हे नाव पडले. हा चुनखडीचा दगड. तो खाणीत थराथरांनी असतो, म्हणून त्याच्या सपाट फरश्या निघतात. ओट्याला बिनपॉलिशची, खरबरीत फरशी घ्यावी. जाडी निदान एक इंच असावी.

कोटा फरशी : ही राजस्थानातील कोटा भागातून येते. हीही चुनखडीचीच, पण घट्ट आणि टिकाऊ. हिलाही फार पॉलिश करू नये.

कडप्पा : हा काळा दगड आंध्र प्रदेशातील कडप्पा भागातला. स्वयंपाकाच्या ओट्याला चांगला. पण उन्हात काळा दगड तापतो आणि पाय पोळतात.

ही तिन्ही फरशी चुनखडीची आहे. आंबट पदार्थ तिला खातो. लिंबू, चिंच सांडली तर लगेच पुसावी. फरशी ॲसिडने कधीही धुऊ नये.

आपला काळा पाषाण : सह्याद्रीचा हा दगड फार कठीण. घडवणावळ जास्त पडते. पण पायऱ्यांना आणि ओट्याच्या कडेला यासारखा दगड नाही.

जांभा : कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे चिरे निघतात. जोत्याला ते उत्तम. मात्र जांभ्याला भोके असतात. पावसाळ्यात पाणी मुरते, शेवाळ धरते. म्हणून वर फरशी किंवा कोबा करावा.

सिमेंटचा कोबा : यास खर्च कमी. पण वरून घोटून गुळगुळीत करू नये. दोरीने चौकडीच्या रेघा पाडाव्यात. मग निदान सात दिवस पाणी मारून ओला ठेवावा. नाहीतर भेगा पडतात.

कोणी विचारील, "मास्तर, शेजाऱ्यानं चांगली फरशी घातली, तरी दोन वर्षांत खचली. असं का हो?"

अहो, दोष फरशीचा नव्हे, खालच्या भरावाचा! काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरची फरशी जाग्यावर कशी राहील? म्हणून जोत्यात काळी माती भरू नये. मुरूम भरावा. तोही एकदम नव्हे. सहा इंचांचा थर टाकावा, पाणी मारावे, धुमसाने ठोकावा, मग दुसरा थर. वर दगडांचे सोलिंग आणि त्यावर तीन-चार इंच काँक्रीट करावे. मग फरशी बसवावी. फरशी बसल्यावर काठीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर ती काढून पुन्हा बसवायला सांगा. दर्जा नीट भरून घ्या.

उतार विसरू नका. उतार घराकडून अंगणाकडे हवा. दर फुटाला पाव इंच पुरे. उतार नसला तर पाणी तुंबते आणि भिंतीत ओल चढते. ओटा घरातल्या जमिनीपेक्षा दोन इंच खाली ठेवा. कडेची फरशी एक इंच पुढे काढा, म्हणजे पाणी जोत्यावरून न ओघळता खाली पडेल.

आता हिशेब करू. ओटा १२ फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे. १२ गुणिले ५ म्हणजे ६० चौरस फूट. तुटफुटीसाठी दहावा भाग, म्हणजे ६ चौरस फूट जादा. एकूण ६६ चौरस फूट फरशी घ्यावी. हा आकडा स्वतः कागदावर लिहून दुकानात जा. पावतीवरचा आकडा वाचून मगच पैसे द्या.

आणि पैसे नसले तर? कर्ज काढून फरशी घालू नये. मुरूम नीट ठोकून शेणाने सारवलेला ओटा काही कमीपणाचा नव्हे. आधी भराव पक्का करा. पुढच्या सुगीला त्याच भरावावर फरशी येईल.

प्रश्न
१. ओट्याला चकचकीत लादी का घालू नये?
२. जोत्यात काळी माती का भरू नये?
३. ओटा १० फूट लांब व ४ फूट रुंद आहे. तुटफूट धरून किती फरशी लागेल? उतार किती इंच ठेवाल?