सॉफ्टबॉलमधील गणती आणि फलंदाजाचे यश

राज्यातील शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉलचा समावेश असल्यामुळे हा खेळ शिकविण्याचे काम प्राथमिक शिक्षकांकडेही येते. शिकविताना बॅट कशी धरावी, बेसकडे कसे धावावे ह्यांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके पंच प्रत्येक चेंडूनंतर जी गणती पुकारतो तिच्याकडे दिले जात नाही. वस्तुतः फलंदाजाचे यशापयश पुष्कळ अंशी ह्या गणतीवर अवलंबून असते. ती नीट न समजल्यास मुलांच्या खेळाविषयीचा शिक्षकांचा निर्णयही चुकण्याचा संभव असतो.

गणतीत प्रथम ‘बॉल’ व नंतर ‘स्ट्राइक’ सांगण्याचा प्रघात आहे. होम प्लेटच्या वरून, साधारणतः छाती व गुडघा ह्यांच्या दरम्यान येणारा चेंडू फलंदाजाने सोडला अथवा कोणत्याही चेंडूवर बॅट फिरवून तो चुकविला, तर स्ट्राइक होते. ह्या क्षेत्राबाहेरील चेंडू त्याने सोडला तर बॉल होतो. तीन स्ट्राइक झाल्यास तो बाद, चार बॉल झाल्यास पहिला बेस विनाश्रम. फाउल गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात. मात्र दोन स्ट्राइक झाल्यावर, बंटचा अपवाद सोडल्यास, फाउलने तिसरी स्ट्राइक होत नाही. ह्यावरून बॉल शून्य ते तीन व स्ट्राइक शून्य ते दोन, म्हणजे चार गुणिले तीन अशा बाराच अवस्था संभवतात, हे इयत्ता पाचवीचा विद्यार्थीही फळ्यावर मांडू शकेल. (फाउल वगळल्यास ‘तीन-दोन’ ह्या शेवटच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्याच्या दहा वाटा आहेत. हुशार मुलांस त्या शोधावयास सांगाव्यात.)

आता ह्या अवस्थांनी फरक का पडतो? स्त्रियांच्या मोठ्या सामन्यांत पिचर व होम प्लेट ह्यांतील अंतर १३.११ मीटर असते. ताशी १०५ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू तेवढे अंतर सुमारे ०.४५ सेकंदात तोडतो. पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी वेळ मिळतो. एवढ्या अवधीत चेंडू पाहणे, तो कोठे येणार हे ताडणे व बॅट फिरविणे ही तिन्ही कामे उरकावयाची असतात. अर्थात अमुक प्रकारचा चेंडू येईल अशी अटकळ ज्यास आधीच बांधता येते, त्याचे काम हलके होते. दोन अथवा तीन बॉल झाले असून स्ट्राइक एकही नसेल, तर पिचरला चेंडू क्षेत्रात टाकणे भागच पडते. फलंदाज आपल्या आवडीच्या जागी येणाऱ्या चेंडूची वाट पाहू शकतो. दोन स्ट्राइक झाल्या की पारडे फिरते. पिचर क्षेत्राच्या किंचित बाहेर चेंडू टाकून मोह घालते, आणि काठावरचा चेंडू सोडण्याची फलंदाजास सोय राहत नाही. अशा वेळी बॅट दोन बोटे वर धरून आखूड फटका मारावा, हेच शिकविणे योग्य होय.

ह्या फरकाची आकड्यांत मोजणी करताना मात्र एक फसगत होते, आणि पाठातील खरा गणिताचा भाग तोच आहे. यशस्वी फटक्यांस पाळ्यांनी भागले म्हणजे फलंदाजीची सरासरी मिळते. सॉफ्टबॉल ज्यातून निघाला त्या बेसबॉल खेळात टेड विल्यम्स ह्या अमेरिकन फलंदाजाने १९४१ साली ४५६ पाळ्यांत १८५ यशस्वी फटके मारले. १८५ भागिले ४५६ म्हणजे ०.४०६. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या अलीकडील नोंदींत पहिल्याच चेंडूवर संपलेल्या पाळ्यांची सरासरी ०.३०० च्या वर, तर दोन स्ट्राइक असता संपलेल्या पाळ्यांची ०.२०० च्या खाली आढळते. हे आकडे वाचून ‘पहिलाच चेंडू मारा’ असा उपदेश करण्याचा मोह पडतो. तो आवरावा.

समजा, एका वर्गाच्या वीस पाळ्या पहिल्याच चेंडूवर संपल्या व त्यांत सात यशस्वी फटके निघाले, सरासरी ०.३५० आली. दुसऱ्या वीस पाळ्या दोन स्ट्राइक असता संपल्या. त्यांत आठ मुले तिसऱ्या स्ट्राइकने बाद झाली, उरलेल्या बारांनी चेंडू मारला व चार फटके यशस्वी झाले. सरासरी ०.२००. परंतु चार भागिले बारा केल्यास ०.३३३ येतात! म्हणजे चेंडू बॅटला लागल्यानंतरच्या यशात फारसा फरक नाही. पहिल्या चेंडूवर तीन स्ट्राइकने बाद होणे शक्यच नसते. तेथे चेंडू चुकला तर पाळी संपत नाही, पुढे चालते, व ते अपयश पुढील अवस्थेच्या खाती जमा होते. एकाच्या दोषाचा भार दुसऱ्याच्या माथी पडावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून पाळी कोठे संपली एवढेच न पाहता, पहिला चेंडू बॉल ठरलेल्या सर्व पाळ्या एका बाजूस व स्ट्राइक ठरलेल्या दुसऱ्या बाजूस मांडून, त्यांचा शेवट काय झाला हे पाहणे अधिक न्याय्य ठरते.

सरासरीत आणखी एक उणीव आहे. चार बॉलवर बेस मिळाल्यास ती पाळी सरासरीच्या हिशेबात धरीत नाहीत. विल्यम्सला त्याच १९४१ साली असा बेस १४० हून अधिक वेळा मिळाला, ०.४०६ ह्या आकड्यात त्याचा मागमूसही नाही. तालुक्याचा संघ निवडताना ह्यामुळे एखाद्या मुलीवर अन्याय होऊ शकतो. समजा, एकीने वीस वेळा बॅट घेऊन सहा यशस्वी फटके मारले व चौदा वेळा ती बाद झाली. दुसरीस वीसपैकी सहा वेळा चार बॉलवर बेस मिळाला, आणि उरलेल्या चौदांत तिने चार फटके मारले. सरासरी पहिलीची ०.३००, दुसरीची ०.२८६. पण पहिली सहा वेळा बेसवर पोहोचली, दुसरी दहा वेळा. वाईट चेंडू सोडण्याचा संयम हाही फलंदाजीचाच गुण आहे, आणि तो अंगी बाणलेले मूल केवळ सरासरी पाहणाऱ्या शिक्षकाच्या नजरेतून निसटते.

तीन बॉल व शून्य स्ट्राइक असता पुढील चेंडू सोडण्याची आज्ञा बहुधा दिली जाते. नवशिक्या मुलांबाबत ती ठीक. चांगल्या फलंदाजास मात्र हीच संधी सर्वोत्तम असते, तेव्हा सर्वांस एकच आज्ञा देणे बरे नव्हे.

नोंदीसाठी छापील तक्त्याची आवश्यकता नाही. साध्या वहीत पाच रकाने आखावेत: खेळाडूचे नाव, पहिला चेंडू बॉल की स्ट्राइक, पाळी संपतेवेळची गणती, चेंडू बॅटला लागला की नाही, आणि बेस मिळाला की नाही. फलंदाजीची वाट पाहत बसलेल्या मुलांकडे ही वही आळीपाळीने द्यावी. आठ-दहा पाळ्यांवरून सरासरी काढू नये. महिनाभराच्या नोंदी जमल्यावर दशांश अपूर्णांकांच्या तासास ती वही वर्गात आणावी.