डोक्यातल्या उवा

पोर सारखे डोके खाजवते का? त्याला उजेडात बसवा. कानामागचे, मानेवरचे केस बाजूला करून पाहा. केसांच्या बुडाशी बारीक पांढुरके दाणे दिसतील. झटकून पाहा. कोंडा गळतो, लीख चिकटून राहते.

ऊ उडत नाही. डोक्याला डोके लागले की चढते. यात लाज कसली? घरातल्या सगळ्यांची डोकी पाहा.

तेल लावून बारीक फणीने मुळापासून विंचरा. लीख फुटायला ७ ते १० दिवस लागतात. म्हणून दर ३ दिवसांनी, २ आठवडे विंचरा.

रॉकेल लावू नका. चुलीजवळ पोर पेटेल! पिकावरचे औषध तर कातडीतून अंगात भिनते. त्याने पोर दगावेल. फणीने भागले नाही, तर आरोग्य केंद्रात औषध विचारा. पोरीचे केस कापायची गरज नाही.