दगडात लोखंड किती? : मोलर वस्तुमानाचा एक धडा

काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना नववीचा तास माझ्याकडे आला. मी इतिहासाचा शिक्षक; परंतु त्या दिवशी एका मुलाने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. "सर, सुरजागडहून ट्रक भरभरून दगड जातो. त्यात लोखंड किती असते?" ट्रकचे वजन काट्यावर कळते, आतील लोखंडाचा हिशेब मात्र मोलर वस्तुमानावरून मांडावा लागतो.

सुरजागडचे लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइट, म्हणजेच फेरिक ऑक्साइड आहे. त्याच्या सूत्रात लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. अणू एकेक करून मोजणे शक्य नाही, म्हणून ते मोल या एककाने मोजतात. बारा नगांचा जसा एक डझन, तसा 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात इतक्या कणांचा एक मोल. एक मोल पदार्थाचे ग्रॅममधील वस्तुमान म्हणजे त्याचे मोलर वस्तुमान होय.

आता गणित मांडू.
लोह : 2 × 55.85 = 111.70
ऑक्सिजन : 3 × 16.00 = 48.00
एकूण : 159.70 ग्रॅम प्रति मोल

विद्यार्थी अनेकदा सूत्रातील अंक विसरून 55.85 आणि 16.00 यांचीच बेरीज करतात. उत्तर 71.85 येते, पण ते फेरस ऑक्साइड या निराळ्याच संयुगाचे असते. अंक सुटला की पदार्थच बदलतो.

111.70 ला 159.70 ने भागून 100 ने गुणले, तर 69.94 येतात. म्हणजे शुद्ध हेमॅटाइटच्या 100 किलोत सुमारे 70 किलो लोखंड असते. त्यात 20 किलो माती व वाळू मिसळलेली असेल, तर उरलेल्या 80 किलोतून सुमारे 56 किलोच लोखंड मिळेल. खनिजाची प्रत ठरते ती याच हिशेबावर.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. 1882 साली जर्मन भूगर्भतज्ज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. आपला मुलचेरा परिसरही तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते. परंतु वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्यास योग्य ठरला नाही आणि ती योजना मागे पडली. आपल्या डोंगरात काय दडले आहे, याचा हिशेब त्या काळी बाहेरून आलेल्यांनी केला. इथल्या माणसाच्या हाती तेव्हा पाटीही नव्हती. आज आपल्या मुलांच्या हाती वही आहे. तो हिशेब त्यांना आलाच पाहिजे.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी घरातील मुलांकडून आणखी एक उदाहरण करून घ्यावे. चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांत जाणाऱ्या चुनखडीतील मुख्य संयुग कॅल्शिअम कार्बोनेट : कॅल्शिअमचा एक अणू (40.08), कार्बनचा एक (12.01) आणि ऑक्सिजनचे तीन. उत्तर 100.09 यावे. न आल्यास ऑक्सिजनपुढचा तीन पुन्हा पाहावा.